पंखे बदलले म्हणून कार्यालयाचे बिल निम्मे होत नाही

उन्हाळा लागला की पुण्यातील व्यावसायिक संकुलांच्या आणि कार्यालय-व्यवस्थापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. जुने छतपंखे काढून बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे बसवा, असा त्याचा आग्रह असतो. हे पंखे खोली थंड करतात, ताजी हवा आत आणतात, वीजबिल निम्म्यावर आणतात, एसीची गरज संपवतात आणि इमारत आपोआप ‘ग्रीन’ ठरवतात, असे त्यात छातीठोकपणे सांगितलेले असते. संदेशाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. इंडक्शन मोटरचा 1200 मिलिमीटरचा नेहमीचा पंखा पूर्ण वेगात साधारण 70 ते 80 वॅट घेतो आणि त्याच आकाराचा चांगला बीएलडीसी पंखा 28 ते 35 वॅटमध्ये भागवतो. म्हणजे पंख्याची वीज निम्म्याहून कमी होते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो पंख्याची वीज आणि कार्यालयाचे बिल या दोन गोष्टी एकच मानण्याबद्दल.

बाणेरसारख्या भागातील 3,000 चौरस फुटांचे, साठ माणसांचे एक कार्यालय उदाहरणादाखल धरू. त्यात वीस छतपंखे आहेत, काम दिवसाला दहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस चालते. जुने पंखे 75 वॅटचे आणि नवे 32 वॅटचे धरले, तर पंखे बदलून महिन्याला सुमारे 215 युनिट वाचतात. आता उरलेला भार पाहा. अशा कार्यालयाला 18 टनांच्या आसपास वातानुकूलन लागते. ते सरासरी 12 किलोवॅट घेत असेल, तर महिन्याचे 3,000 युनिट एकट्या एसीचे झाले, आणि संगणक व दिवे मिळून आणखी 1,400 युनिट धरायला हरकत नाही. जुन्या पंख्यांचे 375 युनिट मिळवल्यावर एकूण वापर पावणेपाच हजारांच्या घरात जातो. त्यातले 215 म्हणजे जेमतेम साडेचार टक्के. हे आकडे गृहीत धरलेले आहेत. कार्यालयानुसार ते बदलतील, पण बचत निम्म्यापर्यंत जाईल इतके नक्कीच बदलणार नाहीत.

गंमत अशी की पंख्यांतून खरी बचत होते ती वेगळ्याच वाटेने, आणि संदेशात तिचा उल्लेखही नसतो. अंगावरून सेकंदाला साधारण 0.8 मीटर वेगाने हवा जात असेल, तर खोलीचे तापमान अडीच ते तीन अंशांनी जास्त असूनही माणसाला तेवढेच बरे वाटते. एसी 24 ऐवजी 27 वर ठेवता येतो तो याच आधारावर. सेट तापमान एक अंशाने वाढवले की एसीची वीज सुमारे सहा टक्के वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा ढोबळ हिशेब आहे. वरच्या कार्यालयात तीन अंशांचे अठरा टक्के, म्हणजे महिन्याला 540 युनिट झाले. पंखे बदलून जे मिळाले त्याच्या अडीचपट हे होते, आणि त्यासाठी जुने पंखेसुद्धा चालले असते. ज्या कार्यालयांत फॉल्स सीलिंगमुळे पंखेच नाहीत, तिथे वीस नवे पंखे लावले तर 160 युनिटांचा खर्च वाढेल, तरीही महिन्याला 380 युनिट हातात राहतील. उलट पंखेही फिरत आहेत आणि रिमोटवर 22 चा आकडाही झळकतो आहे, हे चित्र आपल्याकडे सर्रास दिसते. तिथे नव्या पंख्यांवर केलेल्या खर्चाचा मोठा वाटा वाया गेला असे समजावे.

पंखा खोली थंड करतो हा दावा तर भौतिकशास्त्रालाच सोडून आहे. पंखा हवेचे तापमान कमी करत नाही. मोटरने घेतलेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उरते. गारवा वाटतो तो अंगावरचा घाम लवकर वाळतो म्हणून, आणि त्यासाठी पंख्याखाली अंग असावे लागते. बैठक संपून सगळे बाहेर पडल्यावर काचेच्या बंद दालनात तासभर फिरत राहिलेला पंखा, तो पंचतारांकित असला तरी, त्या रिकाम्या खोलीत उष्णतेची भरच घालतो. अशा दालनात माणसाची चाहूल घेणारा सेन्सर असेल तर साधा पंखाही महागड्या पंख्यापेक्षा किफायतशीर ठरू शकतो.

ताज्या हवेच्या दाव्याकडे मात्र अधिक बारकाईने पाहायला हवे, कारण तो आरोग्याशी निगडित आहे. एक छतपंखा मिनिटाला दोनशे घनमीटरहून अधिक हवा ढवळतो हे खरे, पण खिडक्या बंद असताना त्यातली एक घनमीटरही बाहेरून आलेली नसते. साठ माणसांच्या कार्यालयाला दर माणशी सेकंदाला 2.5 लिटर आणि दर चौरस मीटरला 0.3 लिटर या अमेरिकी मानकाच्या हिशेबाने तासाला सुमारे 840 घनमीटर बाहेरची हवा लागते. ती न मिळाल्यास कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि दुपारनंतर डोके जड होते. छताला टांगलेले यंत्र कितीही काटकसरी असले तरी त्यावर त्याचा इलाज नाही. ही हवा आणणारे, गाळणारे आणि बाहेर टाकणारे पंखे वेगळे असतात. एएचयूचा (एसीची हवा गाळून, थंड करून फिरवणाऱ्या यंत्राचा) ब्लोअर, ताज्या हवेचा पंखा, स्वच्छतागृहाचा एक्झॉस्ट आणि तळघरातील पार्किंगचे पंखे डोळ्यांआड असतात, म्हणून संदेशांत येत नाहीत.

व्यावसायिक इमारतीत हात घालायचा तो इथे. वर उदाहरणादाखल धरलेल्या कार्यालयात एसीला सेकंदाला 3.4 घनमीटर हवा फिरवावी लागते आणि फिल्टर, कॉइल व डक्ट मिळून 600 पास्कलचा विरोध आहे असे समजा. पंखा, बेल्ट आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता 50 टक्के असेल तर ब्लोअर 4 किलोवॅटच्या पुढे वीज घेतो. थेट मोटरवर बसवलेल्या चांगल्या पंख्याने ती 65 टक्क्यांवर नेली, तर जवळजवळ एक किलोवॅट वाचतो. वीस छतपंखे बदलूनही एवढीच वीज वाचली होती, आणि इथे तर वाया जाणारी उष्णता पुरवठ्याच्या हवेत मिसळून कॉम्प्रेसरवर पडते तीही कमी होते. त्याहून मोठा लाभ वेगात आहे. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग 80 टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्मी होते. हे जिथे तिथे तंतोतंत जमते असे नाही, पण डॅम्पर, म्हणजे हवा अडवणारी झडप, अर्धवट बंद करून मोटर पूर्ण वेगाने पळवण्यापेक्षा मोटरचा वेगच कमी-जास्त करणारा व्हीएफडी केव्हाही बरा. तळघरातील पंखे कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरला जोडले, तर दुपारी बारा वाजता रिकाम्या पार्किंगमध्ये त्यांनी पूर्ण ताकदीने गरगरण्याचे कारण उरत नाही. महिनोन् महिने न धुतलेला फिल्टर धुणे हा तर फुकटचा उपाय आहे.

एसी लागतच नाही, हा दावा पुण्यापुरता अर्धा खरा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये इथले कमाल तापमान 28 अंशांच्या आसपास असते आणि हिवाळ्याचे तीन-चार महिने सुखद असतात. आडोसा आणि उघडणाऱ्या खिडक्या असलेल्या इमारतीत त्या काळात पंख्यांवर निभावते. एप्रिलमध्येही पारा दुपारी 38 ते 40 वर गेला तरी रात्री बहुधा 25 च्या खाली उतरतो, त्यामुळे रात्री इमारतीतून बाहेरची हवा फिरवून सकाळचा भार हलका करता येतो. परंतु चहूबाजूंनी काच, पश्चिमेचे ऊन आणि दाटीवाटीने मांडलेले संगणक असलेल्या मजल्यावर मे महिन्याच्या दुपारी नुसते पंखे लावणे म्हणजे गरम हवा अंगावर घेणे होय. नगर रस्त्यालगतच्या कार्यालयाला धूळ आणि हॉर्न यांमुळे खिडक्या उघडणेही परवडत नाही.

राहिला ‘ग्रीन’ ठरण्याचा प्रश्न. पंख्यावरचे तारे ऊर्जा दक्षता ब्युरोचे असतात आणि 2023 पासून छतपंख्यांना ते बंधनकारक आहेत; पण ते त्या यंत्राचे मूल्यमापन आहे. ग्रिहा किंवा आयजीबीसी या हरित इमारतींना मानांकन देणाऱ्या व्यवस्था इमारतीला गुण देतात ते पाणी, जागा, बांधकाम साहित्य, उजेड, हवा आणि एकूण ऊर्जा पाहून. हडपसरचे ‘सुझलॉन वन अर्थ’ हे कार्यालय-संकुल ‘लीड’ या अमेरिकी मानांकनाच्या प्लॅटिनम दर्जापर्यंत आणि ग्रिहाच्या पाच ताऱ्यांपर्यंत पोहोचले ते काही छतपंख्यांच्या खरेदीने नव्हे. शिवाय तारे ठरतात ते दर वॅटला मिनिटागणिक किती घनमीटर हवा मिळते यावर, त्यामुळे केवळ वॅट कमी म्हणून पंखा घेतला तर हवाही कमी मिळण्याची शक्यता असते. कोटेशनमध्ये हवेचा आकडा आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा वाटा) दोन्ही लिहून मागावेत. पंख्याची मोटर चालवणाऱ्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर 0.6 च्या आसपासही असू शकतो, आणि महावितरणच्या ज्या उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर, म्हणजे कामाला न लागणारी वीजही धरून, निघते त्यांच्या मीटरला ते दिसते. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरवरही चालवू नये. वायरिंग करतानाच तो रेग्युलेटर काढून टाकावा.