हमाल नाहीत हो ती प्रोटीन्स

आरएनएला चिकटणाऱ्या प्रोटीन्सवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की जीन चालू-बंद करायचं ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (जीनवरून आरएनए बनणं, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन, ताब्यात ठेवणारी प्रोटीन्स) ठरवतात, आरएनएला चिकटणारी प्रोटीन्स नंतरची नुसती हमाली करतात आणि मी त्यांना उगाच डोक्यावर घेतलंय. पहिला भाग बराचसा मान्य. यकृताची पेशी आणि न्यूरॉन वेगळे होतात ते मुख्यतः कुठले जीन वाचले जातात त्यावरूनच, हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं. पण हमाली? ते नाही पटलं.

लोहाचंच बघा ना. लोह साठवणारं फेरिटिन आणि बाहेरून लोह आत आणणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर, दोघांच्याही एमआरएनएवर (प्रोटीन कसं बनवायचं ते सांगणारी जीनची आरएनए-प्रत) हेअरपिनसारखी छोटी वळणं असतात आणि पेशीत लोह कमी पडलं की आयआरपी नावाची प्रोटीन्स त्यांनाच जाऊन धरतात. फेरिटिनमध्ये हे वळण अगदी सुरुवातीला, त्यामुळे प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमला चढायलाच मिळत नाही आणि फेरिटिन बनायचं थांबतं. रिसेप्टरमध्ये अशी ५ वळणं शेपटाकडे, तिथे आयआरपी बसलं की एमआरएनए तुटायचा वाचतो आणि रिसेप्टर वाढतो. प्रोटीन तेच, पकड तीच, फक्त जागा बदलली की परिणाम उलटा! आणि लोह भरपूर झालं की आयआरपी-१ मध्ये लोह-गंधकाचा गठ्ठा बसतो, ते आरएनए सोडतं आणि चक्क अ‍ॅकोनिटेज एन्झाइम म्हणून कामाला लागतं. मला तर हे वाचताना आजही भरून येतं.

ट्रान्स्क्रिप्शन बदलल्यामुळेच फेरिटिन वाढत असेल असं म्हणाल, तर १९६० च्या दशकातच उंदरांवर ते तपासलं गेलंय, अ‍ॅक्टिनोमायसिन डी देऊन नवीन आरएनए बनणं अडवलं तरी लोह दिल्यावर यकृतात फेरिटिन वाढलंच. आणि काही कुटुंबांत फेरिटिनच्या या वळणातच म्युटेशन असतं, प्रोटीनचा कोड जसाच्या तसा, पण आयआरपीची पकड सुटते, शरीरात लोह जास्त नसतानाही रक्तात फेरिटिन खूप वाढतं आणि कमी वयात मोतीबिंदू होतो.

शेवटचं एक. बेडकाची अंडपेशी परिपक्व होते तेव्हा ट्रान्स्क्रिप्शन जवळपास बंद असतं, आधीच साठवलेले एमआरएनए गप्प पडून असतात. प्रोजेस्टेरॉनचा सिग्नल आला की त्यांच्यावर बसलेल्या सीपीईबी या प्रोटीनला फॉस्फेट जोडलं जातं, एमआरएनएच्या टोकाची ए-शेपटी (ओळीने नुसती ‘ए’ अक्षरं) लांब होते आणि त्यामुळे सायक्लिन बी हे पेशीविभाजन सुरू करणारं प्रोटीन बनायला लागतं. त्या वेळी निर्णय कोण घेतंय, तुम्हीच सांगा.