तो उंटच आहे, दोर नव्हे

'श्रीमंताने देवाच्या राज्यात शिरण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे.' येशूच्या या वाक्यावर एक फॉरवर्ड वरचेवर फिरतो. त्याचे म्हणणे असे: बायबलच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द 'कामिलोस', म्हणजे जाड दोर, नकल करणाऱ्याने एक अक्षर चुकवले आणि त्याचा उंट झाला. पुढे लगेच असेही की, 'सुईचे नेढे' हे जेरुसलेमचे बुटके दार होते, ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाई. म्हणजे वरच्या परिच्छेदात हाकललेला उंट खालच्यात परत हजर! पाठवणाऱ्याने निदान एवढे तरी पाहायचे.

आधी दोर. ग्रीकमध्ये उंट म्हणजे 'कामेलोस'. पुढे ग्रीक उच्चारात त्या दीर्घ 'ए'चा 'ई' झाला आणि दोन्ही शब्द कानाला सारखेच लागू लागले. घोटाळा होऊ शकतो, मान्य. पण तो झाला उलट्या दिशेने. चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकानस या बायबलच्या दोन्ही हस्तलिखितांत उंटच आहे. दोर मिळतो तो मोजक्या, बऱ्याच नंतरच्या प्रतींत. लिडेल-स्कॉटच्या ग्रीक कोशाला तर शंका आहे की 'कामिलोस' हा शब्दच या वाक्याची डागडुजी करायला घडवला असावा. ही खटपट जुनीच. पाचव्या शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिलही दोर म्हणत होता. बरे, दोर घेतला तरी जहाजाचा दोर कुठल्या सुईत ओवणार?

आता दार. पहिल्या शतकातल्या जेरुसलेममध्ये या नावाचे दार असल्याचा काहीच पुरावा नाही. ही कथा मध्ययुगीन युरोपातल्या बायबलवरच्या भाष्यांमधून पसरली. शिवाय हे वाक्य देणाऱ्या तीन शुभवर्तमानांपैकी मत्तय आणि मार्क सुईला 'राफिस' म्हणतात, लूक 'बेलोने'. दाराचे नाव असते तर लूकने ते बदलले असते का?

अतिशयोक्ती ही त्या भागातली बोलण्याची रीतच. चिलट गाळून उंट गिळणारे लोक मत्तयाच्याच २३ व्या अध्यायात आहेत. बाबिलोनी तल्मूद या ज्यू धर्मग्रंथात पुंबेदिता या बाबिलोनियातल्या विद्यापीठाच्या पंडितांना टोमणा आहे की, ते सुईच्या नेढ्यातून हत्ती काढतात. तिथे हत्तीचा दोर करायला कोणी धावलेले नाही.

आणि वाक्यानंतर काय घडते तेही वाचावे. शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तारण कोणाचे होणार? बुटक्या दारासाठी कोणी एवढे थक्क होत नाही. येशूचे उत्तरही 'वाका' असे नाही. माणसांना हे अशक्य आहे, देवाला सर्व शक्य आहे, असे आहे.