साहेब, सॅल्यूट तर मिळतोच

अभिनंदन, साहेब! खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे लागले, आता मानाची चिंता सोडा. मान हा रँकसोबत स्टोअरमधून इश्यू होतो. बूट, बेल्ट, कंबल आणि मान. सही करायची, उचलायचा. फौजेत बावीस वर्षं काढून मी हवालदार म्हणून नागपूरला परतलो, त्यामुळे साहेबलोकांना खालून पाहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. खालून माणूस फार स्वच्छ दिसतो. ते असो.

आधी देहरादून डोक्यातून काढा. तिथल्या मिलिटरी अकादमीत 1932 साली तेव्हाचे इंग्रज सरसेनापती चेटवूड सांगून गेले की आधी देश, मग तुमच्या हाताखालचे जवान, आणि तुमचा स्वतःचा आराम सगळ्यात शेवटी, दरवेळी शेवटी. तुम्ही ते भिंतीवर वाचलंय. वाचलं ना? मग झालं. भिंत देहरादूनलाच आहे, तुमची पोस्टिंग भलतीकडे.

उन्हाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या. नागपूरच्या माणसाला ऊन शिकवायला नको म्हणा, मे महिन्यात आपण कूलरला देव मानतो. पण आमचे एक साहेब (नाव विचारू नका) या विषयातले उस्ताद होते. भर दुपारी कंपनी फॉलिन करायची, म्हणजे रांगेत उभी करायची, तोंडं सूर्याकडे. स्वतः निंबाखाली. भाषणाचा विषय सहनशक्ती. हातात थर्मास, आणि त्यात बर्फ खुळखुळायचा. चाळीस मिनिटं आम्ही तेवढंच ऐकायचो. एकदा तिसऱ्या रांगेतला पोरगा धपकन पडला. साहेब जवळ आले, वाकले आणि म्हणाले, "याचा बेल्ट ढिला काहून आहे?"

याला म्हणतात बारकाईने लक्ष.

वाईट उदाहरणही सांगतो, म्हणजे टाळता येईल. त्यांच्याआधीचे साहेब बोलायला उभे राहिले की आधी कंपनी फिरवून घेत. ऊन आमच्या पाठीवर आणि त्यांच्या डोळ्यांत. मग डोळे बारीक करून, घाम पुसत, दोन मिनिटांत आटोपत. दोन मिनिटांत कसला आलाय दरारा?

सुटीचा अर्ज आला की टेबलावर पेपरवेटखाली ठेवा. जवान म्हणाला, बहिणीचं लग्न आहे, तर विचारा, "तुझं तर नाही ना?" आजूबाजूचे हसतील. त्यांना हसावंच लागतं.

बड्या खान्याला, म्हणजे साहेब आणि जवान एकत्र जेवतात त्या दिवशी, हातात पळी घेऊन जवानांना वाढा, फोटो काढा, पळी लगेच परत करा. एरवी लंगरातली, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातली, डाळ चाखू नका. ज्याने चाखली, त्याला ती सुधारावी लागते.

इतिहास मात्र जपून वाचा, त्यात फार चुकीची माणसं आहेत. मेजर सोमनाथ शर्मांचंच घ्या. डावा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे घरी बसायला याहून पक्का कागद कोणता? तरी हट्टाने कंपनीसोबत काश्मीरला गेले. 3 नोव्हेंबर 1947, बडगाम. समोर शत्रू कितीतरी पट, आणि हे एका हाताने मॅगझिन भरून जवानांना देताहेत. साहेबाने शिपायाचं काम करायचं? तिथेच ते गेले. त्यानंतरही त्यांची कंपनी जागा सोडेना. देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांचं.

छत्रपतींचीही तीच तऱ्हा. चिपळूणच्या छावणीला त्यांनी लिहिलेलं पत्र वाचा. त्यात चढाईपेक्षा वैरण जास्त. दाणागवत आत्ताच उडवलं तर पावसाळ्यात संपेल, मग तुम्ही कुणब्याच्या घरचं उचलाल, आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. वर आणखी ताकीद, की रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. राजाने उंदरापर्यंत विचार करायचा! कागदपत्रं आणि बारीकसारीक कामं बघणारा ॲडज्युटंट नसला की असं होतं.

गुरू करायचा तर आपल्या गावात शोधा. 26 जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो, तेव्हा चढून जा. नोव्हेंबर 1817 मध्ये याच टेकड्यांपाशी भोसल्यांची फौज इंग्रजांशी भिडली आणि हरली. डिसेंबरात नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले स्वतःच इंग्रजांच्या रेसिडेन्सीत, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधीच्या कोठीत, दाखल झाले. त्यांच्या फौजेतले अरब मात्र ऐकेचनात, शहरात महिनाअखेरपर्यंत लढत राहिले. बघा, साहेब नसला तरी काम थांबत नाही. हे आमच्या लंगरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त साहेबांना कोणी सांगत नसे.

राहिला प्रश्न रिटायर झाल्यावरचा. तारे स्टोअरला परत जातात, मान कुठे जमा करायचा याचा फॉर्म मी अजून पाहिला नाही.

परवा कॅन्टीनच्या बाहेर थर्मासवाले साहेब दिसले. सफारी, पांढरे केस, हातात पिशवी, कोणी ओळखतं का म्हणून चेहरे न्याहाळत उभे. माझ्यासोबत आमच्याच कंपनीतला काटोलचा एक जण होता.

"काहून गा, साहेबच नं ते?" तो कुजबुजला आणि मोबाईल काढून त्यात पाहू लागला.

साहेब आमच्या दिशेने यायला लागले. मी पटकन खाली वाकलो आणि बुटाची नाडी बांधायला घेतली. बराच वेळ बांधत होतो. पायात चप्पल होती.