आईचं अब्लेशन पैशापायी टाळलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. (लेख न वाचलेल्यांसाठी: आईला एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडायचा आजार. त्यावर अब्लेशन, म्हणजे नळी घालून हृदयातली ठोके बिघडवणारी जागा निकामी करायची प्रक्रिया, न करता आम्ही गोळ्यांवर राहिलो, असं मी लिहिलं होतं.) पहिल्यांदा वाचून राग आला, म्हणून उत्तर चार दिवस लांबवलं. तुम्ही लिहिलंय, "स्वतःच्या आईचं ऑपरेशन पैशापायी टाळलं आणि वर लोकांना तेच शिकवताय. माझ्या छेचाळीस वर्षांच्या भावाचं गेल्या महिन्यात अब्लेशन झालं. ना बीपी, ना शुगर, त्याच दिवशी सगळ्या गोळ्या बंद, माणूस ठणठणीत."

पैशाचा विचार केला, हे खरंच आहे. औसा तालुक्यातली कोरडवाहू जमीन, सोयाबीनचा भाव बघून दवाखान्याची तारीख धरणारी माणसं आम्ही. पण हिशेब तुम्हाला वाटतो तसा झाला नाही.

हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात आम्हाला अब्लेशनचा खर्च तीन लाख साठ हजार सांगितला. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी कॅल्क्युलेटर पुढं सरकवला, "एकदाच खर्च, मग जन्मभराच्या गोळ्या सुटल्या." आईची रक्त पातळ करायची गोळी, अपिक्सॅबॅन, दिवसातून दोनदा, आमच्या मेडिकलवाल्याकडं महिन्याला अकराशेला पडते. म्हणजे वर्षाचे तेरा हजार दोनशे. मीही मनात भागाकार केला, सत्तावीस वर्षं येतात. आई एकाहत्तरची. पण हा भागाकार मुळातच चुकीचा आहे, कारण अब्लेशन झालं असतं तरी आईची ती गोळी सुटली नसती. दोन्ही खर्च अंगावर आले असते.

ही गोळी ठेवायची की नाही, हे ठोके सरळ झाले का यावर ठरत नाही. हृदयात झालेली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अंगावरून वारं जायचा, म्हणजे लकव्याचा, धोका किती, यावर ठरतं. डॉक्टर त्याचे गुण मोजतात. पासष्टच्या पुढं एक, पंचाहत्तरच्या पुढं दोन, बीपीचा एक, शुगरचा एक, हृदय कमजोर असेल तर एक, रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर एक, आधी लकवा होऊन गेला असेल तर दोन. आईचे तीन भरतात. (बाई म्हणून आणखी एक धरायची जुनी पद्धत होती, युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढला.) तुमच्या भावाचे, तुम्ही सांगता त्यावरून, शून्य. तेव्हा दोघांचा आजार एका नावाचा असला, तरी दोघांचा हिशेब एका वहीत मांडता येत नाही.

माझा हट्ट एवढाच होता, अजूनही आहे: पहिला रुपया वारं टाळणाऱ्या गोळीवर जावा. आमच्याकडं उलटं होतं. लाखाचं ऑपरेशन करायला माणूस शेत गहाण ठेवतो आणि नंतर अकराशेची गोळी "आता बरं वाटतंय" म्हणून सोडतो. नाहीतर स्वस्तातली अ‍ॅस्पिरिन घेतो. २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात अ‍ॅस्पिरिनवाल्यांपैकी वर्षाला शंभरात ३.७ जणांना लकव्याचा झटका किंवा तसाच रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला, अपिक्सॅबॅनवाल्यांपैकी १.६ जणांना. मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखंच होतं.

आधी आई एसिट्रोमवर होती, ही रक्त पातळ करायची जुनी, स्वस्त गोळी. त्यात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) दोन ते तीनच्या मधे ठेवावा लागतो, आणि तो पालेभाजीनं हलतो. येळवसाच्या दिवशी शेतात भज्जी झाली. मेथी, पातीचा कांदा, सगळा हिरवा माल. आईनं दोन दिवस तीच खाल्ली, आठवड्यानं आयएनआर १.४. रक्त द्यायला लातूरला जायचं, जीपचं भाडं, माझा रोज बुडायचा. गोळी स्वस्त, पण तिच्यामागचा खर्च कुणी धरत नाही. तरी ज्यांच्या हृदयाची झडप संधिवाताच्या तापानं आकसलीय किंवा ज्यांना धातूची झडप बसवलीय, त्यांनी माझं वाचून गोळी बदलू नये. त्यांना जुनीच लागते.

आता तुमचं बरोबर कुठं आहे ते. लेखात मी "ठोके आटोक्यात आले की तालाच्या मागं लागू नये" असं लिहिलं होतं. म्हणजे ठोक्यांचा वेग कमी झाला की बास, ते नियमित करायच्या मागं लागू नये. ते २००२ च्या अफर्म नावाच्या अभ्यासाच्या भरवशावर, आणि ते अर्धवट होतं. २०२० च्या ईस्ट नावाच्या अभ्यासात आजार कळल्यापासून वर्षाच्या आत ताल सांभाळायला घेतलेल्यांना लकव्याचे झटके आणि हृदयानं होणारे मृत्यू कमी झाले. बहुतेकांचा ताल गोळ्यांवरच सांभाळला होता, हे खरं, पण थांबून राहण्याचीही किंमत असते हे मी लिहायला हवं होतं. आणि तुमच्या भावासारख्या तरुण माणसाला, आजार येऊन-जाऊन असेल तर, आता अब्लेशन पहिल्या फळीतच सुचवतात. लेखात अब्लेशनला मी "श्रीमंतांचा इलाज" म्हटलं होतं, ते शब्द मी मागे घेतो.

आईचं तसं नव्हतं. ठोके कायमचे बिघडलेले, डावा कप्पा फुगलेला. ती म्हणायची, "मोटार हवा धरल्यावर कसं थुंकत थुंकत पाणी येतंय, तसं छातीत व्हतंय." मेटोप्रोलॉल ही ठोक्यांचा वेग कमी करायची गोळी सुरू झाल्यावर नाडी एकशेचाळीसवरून पंच्याऐंशीवर आली आणि बाई चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. धाप परत लागली, तर अब्लेशनचा विचार करू. दार बंद केलेलं नाही.

योजनेबद्दल दोघांनी विचारलंय. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण म्हणून प्रत्येक प्रक्रिया त्यात बसतेच असं नाही. भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राला (दवाखान्यात बसणारा योजनेचा माणूस) प्रक्रियेचं नाव दाखवून विचारा, "यादीत आहे का, आणि वरचे पैसे किती?"

लेखातलं तालाबद्दलचं ते वाक्य खोडून खाली दुरुस्ती टाकली आहे. आता एक तुमच्यासाठी. अब्लेशननंतर निदान पहिले दोन महिने रक्त पातळ करायची गोळी चालू ठेवतात, गुण शून्य असले तरी. भावाला महिनाच झालाय आणि तुम्ही लिहिलंय "त्याच दिवशी सगळ्या बंद". ते खरंच तसं असेल, तर मला उत्तर नंतर द्या, आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा.