पुराच्या यादीतला दूध पावडरीचा डबा

'पूर येण्याआधी घरात एवढे भरून ठेवा' या मथळ्याचा एक संदेश सध्या फिरत असून, तो वाचून सांगलीत राहणाऱ्या माझ्या भाचीने आपल्या चार महिन्यांच्या, निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळासाठी दूध पावडरीचे डबे मागवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी ज्यांच्या घरात शिरले ते अशी यादी गांभीर्याने वाचणारच; ती लिहिणाऱ्याने मात्र तेवढे गांभीर्य दाखवलेले नाही.

संदेशाचे पहिले म्हणणे असे की, संकटात घाबरलेल्या आईचे दूध आटते, म्हणून पावडर व बाटल्या साठवाव्यात, पावडर कमी पडल्यास ती दुप्पट पाण्यात कालवावी आणि जादा डबे निवारा केंद्रात वाटावेत. यातले अर्धे सत्य एवढेच की भीतीने व थकव्याने पान्हा फुटायला वेळ लागू शकतो. त्याने दूध तयार होणे थांबत नाही आणि बाळाला वरचेवर अंगावर घेणे हाच त्यावरचा उपाय आहे. उलट डब्यामुळे बाळ अंगावर कमी पिऊ लागले की दूध खरोखरच घटते. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गॅस आणि स्वच्छ पाणी दोन्ही नसलेल्या घरात हे कसे साधायचे, याचे उत्तर संदेशात नाही. इंडोनेशियात २००६ च्या जोग्याकार्ता भूकंपानंतर झालेल्या पाहणीत, मदत म्हणून पावडर मिळालेल्या लहान मुलांपैकी २५.४ टक्क्यांना, तर न मिळालेल्यांपैकी ११.५ टक्क्यांना जुलाब झाल्याचे आढळले होते. दुप्पट पाणी घालणे म्हणजे बाळाला अर्धपोटी ठेवणे, शिवाय रक्तातले सोडियम घसरून झटके येण्याचा धोका पत्करणे. राहिला वाटपाचा सल्ला, तर १९९२ च्या केंद्रीय कायद्याने असे डबे व बाटल्या दान करण्यास अनाथालयांसारखे मोजके अपवाद वगळता मनाईच आहे. जे बाळ आधीपासूनच पावडरीवर आहे त्याच्यासाठी साठा अर्थातच हवा, पण तो डॉक्टरांना विचारून, आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजण्यासाठी.

भिजलेले धान्य उन्हात वाळवून वापरावे, हा सल्लाही तितकाच बेजबाबदार आहे. पुराच्या पाण्यात मैला आणि शेतातली औषधे मिसळलेली असतात, आणि ओल्या धान्यावरच्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाही. पोते गेल्याचे दुःख समजते, पण ते टाकूनच द्यावे लागते.

तांदूळ, साखर आणि मीठ यांवर कुटुंबाचा महिना निघतो, हे विधान पोट भरण्यापुरतेच खरे आहे. डाळ, शेंगदाणे आणि तेल नसलेल्या यादीला पोषणाचे नियोजन म्हणता येत नाही.

तुरटी फिरवली की पुराचे पाणी पिण्याजोगे होते, असेही संदेश सांगतो. तुरटीने गाळ खाली बसतो, पण पाण्यातले सगळे जंतू मरत नाहीत. त्यासाठी पाणी खळखळ उकळावे किंवा आरोग्य विभाग वाटतो ते मेडिक्लोर (क्लोरीनचे द्रावण) बाटलीवरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे.

पोहे, चुरमुरे आणि गूळ ठेवावा, हा मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य करतो, कारण त्यांना चूल लागत नाही. फक्त पोहे भिजवायलाही स्वच्छ पाणीच लागते, आणि एवढ्या लांबलचक यादीत पिण्याच्या पाण्याच्या एकाही कॅनचा उल्लेख नाही.