शंभर एमबीपीएसपर्यंत

इंटरनेटच्या जाहिरातींतला माझा सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'पर्यंत'. '१०० एमबीपीएसपर्यंत वेग!' पुण्याहून नाशिकपर्यंत निघालेली गाडी चाकणला तासभर रखडली, तरी ती नाशिकचीच गाडी असते. तसंच हे. भांडायला जावं, तर २०२३ पासून सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडची किमान मर्यादा २ एमबीपीएस. म्हणजे चाकणही कायदेशीर! शिवाय कंपनी मोजते बिटांत आणि आपली फाइल उतरते बाइटांत. ८ने भागा, शंभरचे साडेबारा होतात. भागत नाही ते फक्त बिल: ४९९चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ५८८ रुपये ८२ पैशांना पडतो.

दुसरा शब्द 'उपलब्ध'. साइटवर पिनकोड टाकला की हिरवी खूण येते. पण पिनकोड टपालखात्याचा, त्यात अर्धं उपनगर मावतं. फायबर, म्हणजे प्रकाश वाहणारी काचेची तार, येते ती गच्चीतल्या नाहीतर खांबावरच्या डब्यापर्यंत, आणि त्यात पोर्ट मोजकेच. ते भरले की शेजारी सिनेमे बघतात आणि आपल्याला उत्तर मिळतं, 'फीजिबिलिटी नाहीये साहेब.' म्हणून मी कस्टमर केअरला नव्हे, वॉचमनला विचारतो: कोणत्या कंपनीचा माणूस शिडी घेऊन सारखा येतो? सारखा येत असेल, तर ती कंपनी टाळावी. बोलावूनही येत नसेल, तर ती आधी टाळावी.

फायबर नसेल तर फाइव्ह-जीवरचं बिनतारी एअरफायबर. अँटेना टॉवरच्या दिशेला लावायची. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की वेग उतरतो, आणि मधल्या चाळीचा पुनर्विकास निघाला की मजल्यागणिक.

जोडणी झाली की खरी गंमत. बसवणाऱ्याला राउटरसाठी चपलांच्या स्टँडवरचीच जागा आवडते, कारण वायर कमी लागते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान, पण भिंतींपुढे हात टेकतो, २.४चा संथ, पण स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. राउटर घराच्या मध्यावर, उंच हवा. टीव्हीमागे किंवा फ्रिजवर नको. ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन वेग ९५च्या वर हलेना, तर कंपनीला शिव्या देण्याआधी राउटरचा पोर्ट बघा. जुन्या राउटरचा असतोच १००चा. पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १०००चा असेल, तर केबल बघा: आतल्या चार जोड्यांपैकी दोनच जोडलेल्या असल्या, तरी हाच आकडा येतो.

वर्षभराचे पैसे आधी भरले तर दोन महिने फुकट म्हणतात. आधी एकच महिना घ्यावा आणि रात्री दहाला, वायफायवर नव्हे, केबल जोडून वेग तपासावा.

घरातल्या फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला, की प्रकाशच पोचत नाहीये. तार उंदरानं कुरतडलेली असते, नाहीतर सोफा मागे सरकवताना आपणच मुडपलेली. राउटर बंद-चालू करून तुटलेली काच सांधत नाही. तक्रार नोंदवताना पहिल्याच वाक्यात 'लाल दिवा' म्हणावं. तरी पलीकडून सांगतात, 'सर, एकदा बंद करून तीस सेकंदांनी चालू करा.'

मी करतो. तीस मोजून.