सीनायचा साक्षात्कार सिद्ध होतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

सीनाय पर्वतावर देव मोशेशी आणि इस्राएल लोकांशी बोलला व त्याने त्यांना नियमशास्त्र दिले, हा बायबलमधील साक्षात्कार इतिहासाच्या साधनांनी सिद्ध करता येत नाही, या माझ्या विधानावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. एकट्यादुकट्याच्या साक्षात्काराविषयी शंका घेता येईल, पण सहा लाख पुरुषांनी, म्हणजे बायकामुलांसह वीसेक लाख लोकांनी एकाच वेळी ऐकलेली वाणी मागाहून रचून कोणी समाजाच्या गळी उतरवू शकणार नाही, हा पहिला आक्षेप. कोकणातील बेने इस्राएल या यहूदी समाजाने हाती ग्रंथ नसताना ‘शेमा’ ही प्रार्थना पिढ्यानपिढ्या जपली, तेव्हा मौखिक परंपरेला कमी लेखू नये, हा दुसरा. आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी शिलालेख मागणे हा निव्वळ हटवाद आहे, हा तिसरा. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माझे म्हणणे नेमके काय आहे ते तेथे सर्वांत लवकर स्पष्ट होईल.

समजा, शिलालेख सापडला. तसा एक शेजारच्या देवाच्या बाबतीत सापडलेला आहेच. १८६८ साली मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे, काळ्या बेसॉल्टचा एक कोरीव शिलास्तंभ एका मिशनऱ्याच्या दृष्टीस पडला. पुढे तेथील टोळीवाल्यांनी तो फोडला, पण त्याआधी कागदावर त्याचा ठसा घेऊन ठेवलेला असल्यामुळे तुकडे जुळवता आले, आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकात इस्राएलच्या शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा याने तो कोरवून घेतला. मवाबचा कमोश देव आपल्या भूमीवर रागावला होता, म्हणून इस्राएलचा राजा अम्री मवाबला दीर्घकाळ छळू शकला, असे मेशा आधी सांगतो, आणि मग कमोश आपल्याला म्हणाला, ‘जा, इस्राएलाकडून नबो घे’, असे नोंदवतो. तो रात्री निघाला, पहाटेपासून दुपारपर्यंत लढला आणि त्याने ते नगर घेतले.

पुरावा म्हणून याचा दर्जा पाहा. ज्याला आज्ञा झाली तो स्वतः प्रथमपुरुषी बोलतो आहे, मजकूर त्याच्याच हयातीतला आहे, मध्ये नकलाकार नाहीत, आणि शत्रुपक्षाच्या ग्रंथातही, म्हणजे बायबलमधील राजांच्या दुसऱ्या पुस्तकात, या राजाचे नाव आहे. सीनायच्या बाबतीत यातले काहीही उपलब्ध नाही. तरीसुद्धा कमोश खरोखर बोलला असे आपण मानत नाही, मीही मानत नाही. मेशाने तसा दावा केला, एवढेच आपण दोघेही त्यातून घेतो. सीनायच्या पायथ्याशी उद्या असाच दगड निघाला, तरी त्यातून दावा किती जुना आहे हे कळेल, बोलणारा कोण होता हे कळणार नाही. म्हणून मी शिलालेख मागितलेला नाही. तो मिळूनही भागणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आता गर्दीचा मुद्दा. तो सर्वांत समर्थपणे मांडला यहूदा हलेवी या स्पेनमधील कवीने, ११४० च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘कुझारी’ या ग्रंथात, आणि आजही बहुतेक जण त्याचीच री ओढतात. या युक्तिवादात एक गोष्ट नकळत गृहीत धरली जाते. बायबलमधील गणनेच्या पुस्तकात वीस वर्षांवरील पुरुषांचा आकडा ६,०३,५५० असा दिला आहे. पण त्या लाखोंपैकी एकाचीही वेगळी जबानी आपल्या हाती नाही. हाती आहे तो एकच ग्रंथ, जो सांगतो की तेथे इतके साक्षीदार होते. साक्षीदारांची संख्यासुद्धा ज्या कथनाची शहानिशा करायची त्याच कथनातून घ्यावी लागते.

यावर आपण म्हणाल की बापाने मुलाला सांगितले नसते, तर मुलाने नव्या कथेवर विश्वास ठेवला नसता. हे साखळी अखंड असेल तरच लागू पडते, आणि ती अखंड होती असे बायबलच सांगत नाही. परमेश्वराला आणि त्याने इस्राएलासाठी केलेल्या कार्याला न ओळखणारी पिढी मोशेचा उत्तराधिकारी यहोशवा याच्यानंतर उदयास आली, असे शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. यरुशलेमचा राजा योशीया याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचे पुस्तक सापडते, आणि ते ऐकून राजा आपली वस्त्रे फाडतो. पुस्तक हरवले तरी आठवण टिकू शकते, हे मला मान्य आहे. पण मग आठवणीचा स्वतंत्र माग कोठेतरी लागायला हवा. नाईल नदीतील एलिफंटाईन बेटावर इ.स.पू. पाचव्या शतकात यहूदी वसाहत होती आणि तिचे स्वतःचे मंदिर होते. तेथील पपायरसांत विवाहाचे करार आहेत, कर्जे आहेत, मंदिर पाडल्याची इ.स.पू. ४०७ मधील तक्रार आहे. मोशे किंवा सीनाय यांचे नाव मात्र कोठेही नाही. त्यावरून त्यांना काही ठाऊकच नव्हते असे ठरत नाही, पण घरोघरी पोहोचलेल्या अखंड साखळीचे चित्र असे नसते.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती ‘अनुवाद’ या बायबलमधील पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील जागा. चौथ्या वचनात देव लोकांशी समोरासमोर बोलला असे आहे, आणि लगेच पाचव्यात मोशे म्हणतो की त्या वेळी मी परमेश्वर आणि तुम्ही यांच्यामध्ये उभा होतो. लोकांनी प्रत्यक्ष ऐकले ते काय? बाराव्या शतकातला मोठा धर्मशास्त्री मैमोनिदीस सांगतो की लोकांना आवाज ऐकू आला, शब्द मोशेला कळले. तसे असेल तर लाखोंची साक्ष गडगडाटापुरती उरते, आणि नियमशास्त्राचा आशय पुन्हा एका माणसाच्या शब्दावर येऊन थांबतो. आपला मूळ आक्षेप नेमका एकट्याच्या साक्षात्काराविरुद्धच होता.

बेने इस्राएलांचे उदाहरण आपण अगदी योग्य निवडले. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनवार तेली’, सुंता, शब्बाथ आणि शेमा त्यांनी खरोखरच जपले, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. परंतु त्याच समाजाची परंपरा सांगते की नवगावजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो. ते कधी, याचे उत्तर एक पक्ष इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात शोधतो, तर दुसरा कित्येक शतके अलीकडे येतो. अलिबाग परिसरातच एलियाहू हनाबी, म्हणजे बायबलमधील संदेष्टा एलिया, येऊन गेल्याची खूण म्हणून एक खडकही दाखवला जातो. विधी शतकानुशतके तंतोतंत टिकतात, यात वाद नाही. मात्र उगमाची कथा त्याच तंतोतंतपणे टिकते असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि एलियाहूच्या खडकाला आपणही ऐतिहासिक पुरावा म्हणणार नाही.

मग काहीच घडले नाही का, असे आपण शेवटी विचारले आहे. तसे मी म्हटलेले नाही. इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या मिसरचा राजा मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात इस्राएल हे नाव येते, म्हणजे त्या काळी कनान प्रदेशात या नावाचा लोकसमूह होता. त्यातल्या काहींच्या पूर्वजांना मिसरमध्ये किंवा वाळवंटात काहीतरी विलक्षण अनुभव आला असेल, हे मला अशक्य वाटत नाही. त्या काळातील मोठ्या मुक्कामाच्या खुणा सीनायच्या वाळवंटात निघाल्या, तर घटनेविषयीचे माझे मत मी बदलेन. बोलणाऱ्याविषयीचे मत त्याने बदलणार नाही, आणि हा केवळ आधुनिक संशयवाद नव्हे: एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेले चिन्ह खरे ठरले आणि तो अन्य देवांकडे चला म्हणाला, तरी त्याचे ऐकू नका, असे अनुवादाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट बजावले आहे. चिन्ह खरे ठरल्याने वाणी देवाची ठरत नाही, हे ज्या ग्रंथाच्या बाजूने आपण बोलत आहात त्यालाच मान्य आहे.